सातेरीची फुलं, सायबिणीचं तेल

सत्यवती सावंतवाडीकडून लग्न होऊन डिचोली तालुक्यातल्या ह्या गावात आली, तेव्हा तिने जन्मात इगर्ज पाहिली नव्हती. चर्चला गोव्यात इगर्ज म्हणतात, एवढंही तिला ठाऊक नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूने, जानकीबाईने, तिच्या हातात आबोलीच्या वळेसरांची, म्हणजे गजऱ्यांची, परडी दिली, मांडवीच्या काठाकाठाने तिला चालवत नेलं आणि एका पांढऱ्याशुभ्र, आभाळाला टेकलेल्या भिंतीसमोर उभं केलं. वर बघता बघता पोरीचा डोक्यावरचा पदर मागे घसरला.

"ह्या कोणाचा घर?" तिने घाबरत विचारलं.

"आमच्या सातेरीच्या भयणीचें," सासू म्हणाली, आणि तोंडात पान कोंबून मोकळी झाली.

गावची देवी सातेरी आणि इगर्जीतली सायबीण, म्हणजे मेरीमाता, ह्या सख्ख्या बहिणी, असं हा गाव मानतो. सायबिणीच्या फेस्ताला, तिच्या वर्षाच्या सणाला, सातेरीकडून फुलं जातात, आणि सायबिणीकडून खोबरेल तेल येतं. त्या तेलाने त्याच संध्याकाळी देवळातला मोठा दिवा लागतो. फुलं नेण्याचा मान सत्यवतीच्या घरातल्या सुनेचा, तेल देण्याचा मान रुफिनबायच्या घरचा. देवाणघेवाण इगर्जीच्या दगडी पायरीवर व्हायची. सासूच्या शिस्तीप्रमाणे मानकरणीने उंबरा ओलांडायचा नाही. त्या बहिणी ह्याला पुरावा काय, असं विचारणारे शहाणे गावात आहेत. सत्यवती त्यांच्या नादी कधी लागली नाही.

तिचा नवरा महादेव खनिजाच्या बार्जवर होता. आमोण्याच्या बाजूने माल भरायचा, मुरगावला उतरवायचा. मग खाणी बंद पडल्या, बार्ज चिखलात रुतून बसल्या, आणि काही वर्षांनी महादेवही गेला. त्या वर्षी तिच्या दुखवट्यामुळे फुलं घेऊन जावेला पाठवावं लागलं, तर ही बाई नवऱ्याच्या दुःखातही दिवसभर चरफडत होती की जावेने वळेसर उलटे ठेवले असतील. बाकी अंगात ताप असो की गुडघा सुजलेला असो, तिने फेस्त चुकवलं नाही. रुफिनबाय पायरीवर उभी असायचीच. दोघी एकमेकींच्या तब्येतीची चौकशी करायच्या, एकमेकींच्या सुनांबद्दल थोडं वाईट बोलायच्या आणि घरी जायच्या. एवढीच मैत्री, पण आयुष्यभर टिकलेली.

गेल्या पावसाळ्यात इगर्ज वारसा वास्तूंच्या यादीत आली. गावाला मोठा अभिमान वाटला, आणि लगेच धक्काही बसला, कारण तपासणीत दर्शनी भिंतीला वरपासून तडा गेलेला आढळला. इगर्जीला टाळं लागलं, बांबूचे पहाड चढले, आणि सायबिणीला रस्त्यालगतच्या नव्या हॉलात हलवलं. यंदाचं फेस्त आणि त्याचं मीस, म्हणजे सामूहिक प्रार्थना, तिथेच.

देवस्थान समितीचे गोकुळदास तेवढ्याचीच वाट बघत होते. भर बैठकीत ते म्हणाले, "त्या हॉलात फुलां कोण घेतलो? पायरी ना, मान ना. यंदा तेल येना जाल्यार ही चाल हांगाच बंद. दिव्याक तेल दुकानांतय मेळटा."

दुकानात तेल मिळतं हे सत्यवतीलाही माहीत होतं. पण ते वाक्य तिच्या काळजात रुतलं. सासूच्या सासूपासून चालत आलेलं काहीतरी आपल्या हातात तुटणार, ह्या विचाराने तिला अन्न गोड लागेना.

फेस्ताच्या सकाळी सून संजना दारापर्यंत आली. "आई, हॉलात हां. इगर्जीत न्हय."

"गो, कळला माका. म्हातारी झालंय, खुळी नाय झालंय," सत्यवती म्हणाली. मुलाने, गौरेशने, स्कूटर काढली होती, पण फुलं चालतच न्यायची असतात म्हणून तिने त्यालाही गप्प केलं.

आणि निघाली. हॉलात कोणाला गाठायचं, काय बोलायचं, ह्याची मनात उजळणी करत ती खाली मान घालून चालत राहिली, आणि मान वर केली तेव्हा समोर पहाड बांधलेली इगर्ज होती. पाय आपल्या सवयीच्या वाटेने चालत आले होते. हॉल राहिला गावाच्या दुसऱ्या टोकाला.

"आजी, तिथे थांबू नका! वरचे दगड सुटलेत!" आतून हाक आली. दुरुस्तीचं काम बघणारी स्नेहा, हेल्मेट घातलेली मुलगी, दारात उभी होती. कामगारांना सुट्टी होती; आतले टेकू तपासायला ती टाळं उघडून एकटीच आली होती. "आत या पटकन. आत टेकू आहेत, धोका नाही."

सत्यवतीने वर बघितलं. सासूची शिस्त आठवली, पण डोक्यावर दगड पडला तर शिस्त कोण पाळणार? तिने परडी छातीशी धरली आणि उंबरा ओलांडला.

आत आल्यावर तिने मान वर केली.

बाहेरून पांढरी दिसणारी इगर्ज आतून लाल होती. मागे कधीतरी थापलेलं सिमेंट पाणी धरून बसलं होतं, म्हणून स्नेहाच्या माणसांनी ते खरवडून काढलं होतं, आणि खालचा जांभा दगड उघडा पडला होता. चिऱ्यावर चिरा, चिऱ्यावर चिरा, थेट वरच्या कमानीपर्यंत. खिडक्यांना काचांऐवजी शिंपल्यांच्या तबकड्या होत्या, आणि त्यांतून गाळून आलेला उजेड सगळीकडे दुधासारखा पसरला होता. एवढी उंच पोकळी माणसांनी उभारली ह्यावर तिचा विश्वास बसेना.

"हा दगड कुठला, ठाऊक आहे?" स्नेहा म्हणाली. "ह्याच गावातला. तुमच्या देवळामागची तळी आहे ना, ती मुळात ह्या इगर्जीची खाण. दगड काढून झाले, खड्डा राहिला, त्यात पाणी साठलं."

त्या तळीत सत्यवतीने हयातभर कपडे धुतले होते. सातेरीचं स्नानही तिच्याच पाण्याने होतं. तिने हळूच भिंतीवर तळवा टेकवला. दगडावर छिन्नीचे तिरपे वण होते, प्रत्येकावर वेगळे. कुणाचा हात जड, कुणाचा हलका. हे घाव घालणाऱ्या माणसांची नावं कुणालाच माहीत नव्हती, आणि त्यांचं काम अजून उभं होतं. सासू सांगायची ते खरंच होतं की काय! बहिणीचं घर बहिणीच्याच दारातल्या दगडाचं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

मग तिने वेदीकडे पाहिलं. सोनेरी लाकूडकाम प्लास्टिकखाली झाकलेलं होतं, मधला कोनाडा रिकामा होता. तेव्हा कुठे तिला आपण काय करून बसलो ते पुरतं उमगलं.

"माझ्या बाये, मी चुकलंय गो," ती मटकन खाली बसली. "सायबीण थंय हॉलात. मीस संपला असतला. आता फुला कोण घेतलो? गोकुळदास बरोबर बोललो."

"मी गाडीने सोडते ना तुम्हाला," स्नेहा म्हणाली, आणि किल्ली शोधू लागली.

तेवढ्यात दारातून धापा टाकण्याचा आवाज आला. फेस्ताचा फुलाफुलांचा झगा, हातात तेलाची बाटली, आणि चेहरा घामाने निथळलेला. रुफिनबाय.

"तूंय हांगाच?" रुफिनबाय ओरडली.

"तू कशी इलंस हय?"

"मीस सोंपलें, बाटली घेतली आनी भायर सरलें. पांयांक कोण सांगतलो?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या की वरच्या कमानीतली पाखरं उडाली. स्नेहाने किल्ली परत खिशात टाकली.

रुफिनबायने परडी घेतली. पायरीवर जाता येत नव्हतं, मूर्ती जागेवर नव्हती. ती क्षणभर घोटाळली आणि परडी पुन्हा सत्यवतीच्या हातात देऊन म्हणाली, "आयज तूंच दवर."

सत्यवतीने रिकाम्या कोनाड्यात, उघड्या लाल दगडावर, आबोलीचे वळेसर एकेक करून मांडले. रुफिनबाय भिंतीवरून हात फिरवत होती. टाळं लागल्यापासून ती आज पहिल्यांदाच आत आली होती, आणि ह्या घराचं काय झालं असेल ह्या धास्तीने तिचीही झोप उडाली होती. तिने बाटली सत्यवतीच्या हातात दिली आणि बराच वेळ तो हात सोडला नाही.

"सातेरीक सांग," ती म्हणाली, "घर उबें आसा."

संध्याकाळी देवळात गोकुळदास काही विचारणार, त्याआधीच सत्यवतीने तेल दिव्यात ओतलं आणि देवीकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निरोप सांगितला. गोकुळदासांनी खाली वाकून वात पुढे सारली.