मुंबईचा पत्ता

आमच्या शाळेत नवा माणूस ठेवायचा झाला की मी त्याला दोनच गोष्टी विचारायची. कुठल्या वाडीतला आणि कोणाचा. एवढ्यावर माझं भागायचं. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात मी मुख्याध्यापिका होते आणि तीस वर्षं त्याच शाळेत काढल्यामुळे आजूबाजूच्या वाड्यांतली घरं मला तोंडपाठ होती. कोणाचं कोणाशी हद्दीच्या गडग्यावरून बोलणं बंद आहे, कोणाच्या घरात बाटली आहे, कोणाची सून माहेरी का जाऊन बसलीय, सगळं. त्याचा मला गर्व होता. आज लिहिताना लाज वाटते, पण होता.

मग वरून आदेश आला. मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येकाची, शिपायापासून गाडीच्या ड्रायव्हरपर्यंत, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यायची. मी स्टाफरूममध्ये मोठ्याने हसले. आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या मावशी माझ्याही आधीपासून शाळेत होत्या. "आता यांचं चारित्र्य मी पोलिसांना विचारू?" असं म्हणून मी सगळ्यांना हसवलं. मावशीही हसल्या. अर्ज मात्र भरून घेतले, कारण तपासणीला साहेब आले की आधी फाइल मागतात, मुलं नंतर बघतात.

त्या जूनमध्ये व्हॅनचा जुना ड्रायव्हर डोळ्यांमुळे घरी बसला. कातळापलीकडच्या दोन वाड्यांतली मुलं त्या व्हॅननेच यायची. एसटीचा भरवसा नव्हता, आणि गाडी नाही म्हटल्यावर पहिल्या मुली घरी राहतात हे मी आयुष्यभर पाहिलं होतं. शाळा सुरू व्हायला आठवडा उरला असताना तो आला. चाळिशीचा, वीसेक वर्षं मुंबईत काढून नुकताच गावी परतलेला, स्वतःची व्हॅन असलेला. चौथीत मीच त्याला शिकवलं होतं. त्याचे वडील शिमग्यात पालखीला खांदा द्यायचे. मला तर देवच पावल्यासारखं झालं.

अर्ज आमचा क्लार्क संगणकावर भरत होता. सध्याचा पत्ता झाला. पुढे, आधी कुठे कुठे राहिलात, असा रकाना होता. तिथे तो अडखळला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाईनू, मुंबयचा पन घालायचा काय? तिथनं उत्तर कधी येनार नि कधी नाय."

"मुंबईचं कशाला मध्ये आणतोस? महिना जाईल त्यात," मी म्हणाले. "गावचा पत्ता घाल. तो काय खोटा आहे?"

क्लार्क हळूच म्हणाला, "मॅडम, त्यात विचारलंय पण."

"मी याला चड्डीत असल्यापासून ओळखते," मी म्हणाले. माझा आवाज चढला की क्लार्क वाद घालत नसे. त्याने रकाना मोकळा सोडला. थोड्या दिवसांत दाखला आला, स्वच्छ, शिक्क्यासह. मी तो स्वतःच्या हाताने फाइलला लावला.

खरं तर मी कोणाला ओळखत होते? दहा वर्षांच्या एका मुलाला. त्यानंतर तो चाकरमानी झाला, आणि चाकरमान्याला गाव ओळखतं ते गणपतीत आणि शिमग्यात. नवा शर्ट, पेढ्यांचा बॉक्स, देवळात वर्गणी, चार दिवस गप्पा. वर्षाचे पंधरा दिवस तो आमचा. उरलेले साडेतीनशे दिवस तो कुठे असतो, कसा वागतो, हे गाव विचारत नाही. विचारणं बरं दिसत नाही. आमच्याकडे अर्धी घरं अशा माणसांच्या पैशावर चालतात, मग विचारणार कोण? मी विचारायला हवं होतं. सरकारने तर तो प्रश्न आयता लिहून दिला होता.

व्हॅनमधून सगळ्यात शेवटी उतरायची ती दुसरीतली एक मुलगी. तिचं घर आंब्याच्या बागांच्याही पुढे, एकटंच. वडील मुंबईत, आई काजूच्या कारखान्यात. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात तिची आई मला फाटकाशी भेटली. "बाईनू, शेवटी माजीच उतरते. मानूस बरा हाय ना?"

"अगं, माझा विद्यार्थी तो. आणि पोलिसांचा दाखलाही आहे," मी म्हणाले. ती निर्धास्त होऊन कामावर गेली.

ऑगस्टमध्ये त्या मुलीचं पोट दुखायला लागलं. रोज, शाळा सुटायच्या वेळेला. मुलांचं पोट शाळेत येताना दुखतं. घरी जाताना दुखणारं पोट मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि तरी मला काही सुचलं नाही. मी तिला ओवा दिला आणि चिडवलं, "घरी जायच्या वेळेलाच बरं दुखतं गं तुझं!" वर्ग हसला. ती ओवा चावत खाली बघत राहिली. हे मला विसरता येत नाही. त्या वेळी ती आमच्यासमोर उभी राहून सांगत होती आणि मी तिच्यावर विनोद केला.

तीन आठवड्यांनी ती खिचडीच्या मावशींच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली की सगळे उतरले की काका मला पुढे बसवतात, मला नाही बसायचं. आणखीही काही म्हणाली. ते मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. मावशींनी हातातली पळी तशीच टाकली आणि माझ्या केबिनमध्ये आल्या. "पोलिसांना फोन करा, न्हायतर मी करतंय," म्हणाल्या. मी केला. त्याला त्याच दिवशी पकडलं. मग कळलं की मुंबईत तो एका क्लासची मुलं ने-आण करायचा, आणि तिथल्या पोलीस ठाण्यात त्याच्यावर असाच गुन्हा दाखल होता. जामिनावर सुटून तो गावी आला होता.

सगळे म्हणाले, वेळेत समजलं. मला त्या शब्दाचा राग येतो. वेळेत म्हणजे जूनमध्ये.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी फाइल चाळली, दाखला पाहिला. "तुमचे कागद व्यवस्थित आहेत, मॅडम. त्यानेच माहिती लपवली." माझा जबाब झाला. अर्जदाराने स्वतः माहिती दिली, असं मी सांगितलं. शब्दाला शब्द खरं होतं ते. पत्ता घालू का असं त्याने विचारलं होतं, आणि नको असं मी म्हणाले होते, एवढंच सांगितलं नाही. क्लार्क समोर बसला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. तो कोणाला कधीच बोलला नाही. फक्त माझ्या केबिनमध्ये चहाला यायचा बंद झाला. संस्थेच्या बैठकीत माझं कौतुक झालं, की बाईंनी प्रसंग धीराने हाताळला. मी मान खाली घालून बसले. लोकांना तो विनय वाटला.

मार्चअखेर मी निवृत्त झाले. जूनमध्ये एका सकाळी ती आई मुलीला घेऊन माझ्या घरी आली. मुलीला तिसरीसाठी दुसऱ्या शाळेत घातलं होतं. तिथेही व्हॅन होती. मुलगी अंगणात मांजरीशी खेळायला गेली आणि आई पायरीवर टेकली.

"बाईनू, तुमी येकदा त्या डायवरला बघा. तुमी हो म्हनलात की मी पोरीला बसवीन. तुमी त्या वेळेला पन सगळं तपासलात. तो असा निघाला त्याला तुमी तरी काय करनार?"

किती सोपं होतं. बघते म्हणायचं, चहा करायचा. चहासाठी मी उठलेसुद्धा. मग परत बसले आणि तिला सांगितलं. मुंबईचा पत्ता घालू का म्हणून त्याने विचारलं होतं, नको म्हणून मी सांगितलं होतं. घातला असता तर तिथल्या पोलिसांनी कळवलं असतं, आणि तो तुझ्या मुलीच्या जवळपासही आला नसता.

तिला पहिल्यांदा कळलं नाही. मी परत सांगितलं.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "हे पोलिसांना सांगितलात?"

"नाही."

"का?"

"माझं नाव जाईल म्हणून."

ती उठली. तिने मुलीला हाक मारली. निघताना पाया पडायचं, अशी मुलीला आईनेच सवय लावलेली. मांजर सोडून ती धावत आली आणि माझ्यासमोर वाकायला लागली. आईने तिचा दंड धरला, अगदी हळू, आणि तिला मागे घेतलं.

"नको, बाय," ती म्हणाली. "चल."