नाव राहू द्या

मंदी आली त्या वर्षी भाडं वाचवायला आम्ही दोन कुटुंबांनी मिळून दुबईच्या बर दुबई भागात एक फ्लॅट घेतला. दुसरं कुटुंब माझ्या ऑफिसातल्या एका पुणेकराचं. फोन आणि इंटरनेट माझ्या नावावर, बिल अर्धं अर्धं. पुढे मला बरी नोकरी मिळाली आणि आम्ही वेगळं घर केलं. निघताना तो म्हणाला, "कनेक्शन कशाला बंद करता? पुन्हा डिपॉझिट, पुन्हा कागद. नाव राहू द्या, बिल मी भरीन." बायकोने मागून चिमटा काढला. तरी मी म्हटलं, "राहू द्या की." भीड ही भिकेची बहीण, हे मला तोंडपाठ आहे, उपयोग शून्य.

काही वर्षांनी त्याचीही नोकरी गेली आणि तो बिऱ्हाड गुंडाळून पुण्याला गेला. शेवटची बिलं तशीच राहिली. नोटिसा जुन्या पत्त्यावर जात होत्या. माझा मोबाइल कंपनीचा, नव्या घरात इंटरनेट भाड्यातच. मला कळणार कसं?

कळलं ते मुलीच्या वेळी. तिला कॅनडात आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला होता आणि पहिली फी भरायला दहा दिवस उरले होते. बँकेतल्या माणसाने माझा क्रेडिट रिपोर्ट पुढे सरकवला. "सर, ग्यारह सौ पचास दिरहम का टेलिफोन बिल बाकी है. लोन रिजेक्ट हो गया."

"अकराशे पन्नास, म्हणजे वीस हजार रुपये!" बायको तिथेच ओरडली. "एवढ्यासाठी?"

त्याच दुपारी मी पैसे भरले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "खलास, हबीबी." खलास कसलं! रिपोर्ट सुधारायला दोन-तीन महिने लागतील, असं बँकेने सांगितलं. मग पुण्याला फोन लावला, भांडायलाच. माझा आवाज ऐकून तो इतका आनंदला, आईच्या गुडघ्यांपासून सगळं सांगत बसला, की शेवटी "काळजी घ्या" म्हणून मीच फोन ठेवला. मी फार थकलो होतो. स्वतःवर चिडायचंही त्राण नव्हतं.

दहाव्या दिवशी जेवताना मुलगी म्हणाली, "इट्स ओके, बाबा. आय डिडन्ट रिअली वॉन्ट टू गो." आणि पाणी आणायला उठून गेली.

ती खोटं बोलत होती. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आपलंच नुकसान करून घ्यायचं, हे तिला मीच शिकवलं होतं.