शिवकांताचं चोरबटण

गाडीला कुलूप घ्यायला आम्ही लातूरला गेलो, ते आमचं दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम. त्या दुकानाची मला अजून किळस येते. आत गार हवा, काचेच्या कपाटात भोंगे, दांड्या, साखळ्या मांडलेल्या. बाहेर बाया रिकाम्या घागरी रांगेला लावून उन्हात बसलेल्या, आणि हा दुकानदार बाटलीतल्या पाण्यानं काच पुसत होता.

माझी बायको शिवकांता त्याच्यासमोर स्टुलावर बसली. तिची एक खोड होती. कुणी काहीही सांगितलं की ती एवढंच म्हणायची, "हाव, मग?" आवाज चढवायची नाही. माणूस पुढचं सांगायचा, ती परत म्हणायची, "हाव, मग?" तिसऱ्यांदा ऐकलं की भल्याभल्यांच्या बोलण्यातली हवा जायची. मी तिला बघायला गेलो तेव्हा माझा बाप मिशीला हात लावून म्हणाला, "पोरगा मोटार चालवतो." ही खाली मान घालून म्हणाली, "हाव, मग?" बाप हसला. मला घाम फुटला. तो घाम पुढं चाळीस वर्षं फुटत राहिला.

आम्ही उदगीरचे. प्लास्टिकच्या घागरी, ड्रम, बादल्या गाडीत भरायच्या आणि आठवडी बाजार करत फिरायचं, हा आमचा धंदा. मी चालवायचो, ती डाव्या सीटवर. त्या साली लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि आमच्या घागरी कधी खपल्या नाहीत तेवढ्या खपत होत्या. लोकांच्या घशाला कोरड पडली म्हणून आमची चूल पेटत होती. मला घास गिळवत नसे. शिवकांता मात्र प्रत्येक घागर बोटानं वाजवून बाईच्या हातात द्यायची. म्हणायची, "फुटकी न्हाई बाई. भरायचं तेवढं तुझं तू बघ."

मागच्या गल्लीतली जीप उभ्या जागेवरून चोरीला गेली, म्हणून कुलूप घ्यायचं ठरलं. पण खरं सांगू का? आमची गाडी कधीपासून चोरीला जात होती आणि चोराला चावी मी स्वतः देत होतो. माझ्या मेलेल्या भावाचा पोरगा बसवराज, त्याला आम्ही बसू म्हणायचो. तिशी ओलांडलेला घोडा. उदगीरचा जिल्हा झाला पाहिजे म्हणून गळ्यात उपरणं घालून हिंडायचा. दर आठ दिवसाला दारात उभा. "अप्पा, दोन तासासाठी द्या. जिल्ह्याचं काम हाय." भाऊ मेला त्या दिवशी मी या पोराचा हात धरला होता. त्याला नाही म्हणायला माझी जीभ उचलत नसे. गाडी संध्याकाळी परत यायची, डिझेल संपलेली, सीटवर गुटख्याच्या पिचकाऱ्या. एकदा तर माणसं बसवायला जागा पाहिजे म्हणून गाडीत भरलेला घागरींचा माल रस्त्याकडेला उतरवून ठेवला. निम्म्या तडकल्या. आमचा बाजार बुडाला. शिवकांता कोरड्या फडक्यानं त्या पिचकाऱ्या खरडत होती, पाणी कुठलं?

एकदा तिनं त्याला धरलं होतं. "जिल्हा झाला की काय हुतंय रे?"

"काकू, कलेक्टर येतो. ऑफिसं येतात."

"हाव, मग?"

"मग काय, गावाचा इकास!"

"हाव, मग? त्या कलेक्टरला प्यायला पाणी तुझ्या काकानंच न्यायचं का, गाडीत?"

बसू फिदीफिदी हसला आणि चावी माझ्याकडून घेऊन गेला.

तर त्या दुकानात. दुकानदारानं भोंगा काढला. "मावशी, कुणी दाराला हात लावला की हा वाजतो."

"हाव, मग?"

"मग काका उठतील, चोर पकडतील."

तिनं माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "ह्यांनी? आन् आमच्या गल्लीत लग्नाचे, मोर्चाचे एवढे भोंगे वाजतेत, तुमच्या भोंग्याला कोण उठतंय?"

त्यानं एक काळी डबी दाखवली. गाडी कुठं आहे ते मोबाईलवर दिसतं म्हणे.

"म्हंजे चोर गाडी घिऊन बिदरला चालला, आन् आमी घरी बसून बघायचं, आता भालकी आली, आता बिदर आलं?"

शेवटी स्टेअरिंगला अडकवायची लोखंडी दांडी आली. मला ती पसंत पडली. शिवकांतानं हातात घेऊन तोलून बघितली आणि विचारलं, "याची चावी कुणापाशी ऱ्हाते?"

"मालकांपाशी."

"मग नको," ती म्हणाली.

परक्या माणसासमोर! मी थुंकल्यासारखं बोललो तिला, काय बोललो ते लिहीत नाही, आणि तडक बाहेर चहाच्या गाड्यावर जाऊन बसलो. चहावाल्यानं अर्धा कप दिला आणि पाणी मागू नका म्हणाला. त्या दिवशी मला सगळ्या जगाची शिसारी आली होती.

परत आलो तर गाडीचं बॉनेट उघडं. शेजारच्या गाळ्यातला म्हातारा वायरिंगवाला हात पुसत होता. शिवकांता आपल्या सीटवर बसलेली.

"चोरबटण बशिवलं," ती म्हणाली. "दाबल्याबिगर गाडी चालू हुईत न्हाई. बंद केली की परत दाबायचं."

"कुठं बसवलं?"

"तुमाला कशाला? मी हाय की."

वायरिंगवाला दाढीतल्या दाढीत हसला. "चाचा, अब बेफिकीर रहो. चोर तो चोर, अब तुम भी नै ले जा सकते."

मी पुन्हा विचारलं नाही. लातूरपासून उदगीरपर्यंत एक शब्द बोललो नाही. ती बोलत होती. तो तलाव आटला बघा. ती बाभळ वाळली बघा. भोकरला लेकीकडं चार दिवस जावं म्हणते. मी रस्त्याकडं बघत होतो. घरी आलो, तिनं भाकरी टाकली, मी खाली मान घालून खाल्ली.

दिवेलागणीला तिच्या छातीत कळ आली. मी चावी घेऊन धावलो. ती भिंतीला धरत धरत आली, आपल्या सीटवर बसली आणि वाकली. मला वाटलं कळ सोसवेना म्हणून वाकली. गाडी चालू झाली. दवाखान्याचं फाटक दिसलं तेव्हा मी म्हणालो, "आलं बघ, आलं." लातूरपासून मी तिच्याशी बोललेलो हा पहिला शब्द.

"हाव," ती म्हणाली. 'मग' म्हणाली नाही.

गाडी चालूच ठेवून मी तिला आत नेलं होतं. त्याच गाडीतून तिला परत आणलं.

सकाळी माणसं जमली. भोकरहून लेक निघाली होती. बसू आला, पाया पडला, डोळे पुसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "अप्पा, वंगाळ झालं. पण आज तुमची गाडी तर उभीच हाय न्हवं? मोर्चाला नेऊ का? माती द्यायच्या वक्ताला येतोच माघारी."

आणि माझा हात बनियनच्या खिशात गेला. सवयीनं. चावी दिली मी त्याला. तिला अजून आंघोळ घातली नव्हती, आणि मी चावी दिली. त्या हाताची मला आजही किळस येते.

बाहेर गाडी नुसती कुंथत राहिली. बसूनं बॉनेट उघडलं, लाथ घातली, शिवी हासडली. "अप्पा, मेली की ओ ही बी!"

मी उठलो. डाव्या बाजूचं दार उघडून तिच्या जागी बसलो. चाळीस वर्षांत त्या बाजूला मी कधी बसलो नव्हतो. तिच्यासारखा वाकलो. सीटखाली, कडेला, हात आपोआप पोचला. छोटं, गुळगुळीत बटण. ड्रायव्हरच्या जागेवरून तिथं हात पोचत नव्हता, कुणाचाच.

मी चावी काढून घेतली. "गाडी मिळायची न्हाई, बसू."

"आवं अप्पा, जिल्ह्याचा मोर्चा हाय! माणसं खोळंबलीत!"

"हाव, मग?"

त्यानं बॉनेट आदळलं आणि उपरणं झटकत पायीच मोर्चाला निघाला.

घरात एकच घागर पाणी होतं आणि तिला न्हाऊ घालायचं होतं. मी गाडीतल्या चार नव्या घागरी काढल्या, एकेक बोटानं वाजवून बघितली आणि परत ठेवल्या. गावाबाहेरच्या बोअरला अजून धार होती. चावी जागेवर लावली. तिच्या बाजूनं चढलो, बटण दाबलं. मग उतरलो, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूनं चढलो आणि पाण्याला गेलो.