एक संगणक, सहा पडदे

शिकवताना शैलजा शेटे दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या राहत. मुलगी अडली, चुकली, पडद्यावरचा बाण भलत्याच ठिकाणी नेऊन बसली, तरी त्यांचा हात पुढे येत नसे. त्या स्वतः औरंगाबादला संगणक शिकल्या, तेव्हा तिथले मास्तर दर दोन मिनिटांनी त्यांच्या हातातला माउस काढून घेत आणि "असं करायचं" म्हणून काम उरकून टाकत. त्या सहा महिन्यांत आपण संगणकापेक्षा मास्तरांचं मनगटच जास्त पाहिलं, असं त्या सांगत. "ज्यानं मधी हात घातला, त्यानं शिकवणं सोडलं," हे त्यांचं वाक्य मी पहिल्याच भेटीत वहीत उतरवून घेतलं.

गेवराईच्या बाजारपेठेत त्यांच्या सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. दुकानावरच्या माडीत मॅडमनी संगणकाचा वर्ग काढला होता. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. बाजारात दर चार दुकानांमागे एक एसटीडी बूथ उघडला होता, घरांवरून केबलच्या तारा लोंबत होत्या आणि 'कॉम्प्युटर शिकलं की नोकरी' हे वाक्य खेड्यापर्यंत पोचलं होतं. मी एका दैनिकाचा गेवराईचा वार्ताहर होतो आणि माझी खोली समोरच्याच इमारतीत होती. मॅडमच्या पहिल्या तुकडीत बारा मुली होत्या. मुलांना प्रवेश नव्हता. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोरं माउस सोडत न्हाईत, भाऊ. पोरींची पाळीच येत न्हाई."

त्या बारांत चकलांब्याची रुक्मिणी होती. घरची मेंढरं, वडील वर्षातले आठ महिने कळपाबरोबर बाहेर. गावातल्या दूध संकलन केंद्रावर संगणक बसणार होता आणि केंद्राला दाखला असलेलं माणूस हवं होतं. वडिलांनी तिला या एका दाखल्यापुरती मोकळीक दिली होती. तो मिळाला नाही, तर पुढच्या फेरीला तिनं कळपाबरोबर निघायचं, असं ठरलेलं होतं. दाखला देणारी संस्था औरंगाबादची. तिचा नियम स्पष्ट होता: केंद्रात चालू स्थितीतले सहा संगणक असतील तरच मान्यता, आणि मान्यता असेल तरच परीक्षा.

संगणक बरोबर सहा होते. तपासणीला तीन आठवडे उरले असताना एका दुपारी गल्लीतल्या खांबावर न्यूट्रलची तार तुटली आणि घरांत दुप्पट दाबाची वीज शिरली. टेबलांखालच्या सहाही पेट्यांतून जळका वास आला. पडदे तेवढे वाचले, कारण जेवणाच्या सुट्टीत पडद्यांचा वेगळा बोर्ड बंद करायची मॅडमची सवय होती. नव्या पेट्या यायला दोन महिने लागतील, असं पुण्याच्या दुकानदारानं कळवलं. मॅडमच्या भावानं मात्र आपला जुना लॅपटॉप एसटीच्या पार्सलनं पाठवून दिला. गेवराईत तो पहिलाच असावा. दुकानातली गिऱ्हाइकं तोललेली साखर काट्यावर तशीच सोडून जिना चढून तो बघायला आली.

लॅपटॉपचा पडदा वहीएवढा होता. समोर बसलं तर दिसे, जरा कडेला सरकलं की काळा. बारा मुली त्याच्यापुढे गोळा झाल्या की मागच्यांना पुढच्यांच्या वेण्याच दिसत. यंत्राच्या पाठीला बाहेरचा पडदा जोडायला जागा होती, पण एकच. आणि टेबलांवर सहा पडदे रिकामे बसले होते.

"एक भोक आन् सहा पडदे," मॅडम म्हणाल्या. "रशीदभाईंना बोलवा."

रशीदभाई गावातले केबलवाले. जिना चढता चढताच त्यांनी निकाल दिला, "मॅडम, एक तार, सहा घरं. ये तो अपना रोज का धंदा है." पण केबल वाटायचा त्यांचा डबा इथे चालला नाही. टीव्हीच्या तारेतून सगळं एकत्र जातं. इथे लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग तीन वेगळ्या तारांतून निघत होते. मग त्यांनी तारा सोलल्या, रंगाला रंग जोडला आणि सहाही पडदे त्या एका जागेवर आणून लावले. काहीच दिसलं नाही. दीड तास त्यांनी जोड तपासले. शेवटी रुक्मिणीनं कळफलकाकडे बोट केलं. वरच्या रांगेतल्या एका कळीवर निळ्या शाईत बारकासा पडदा काढलेला होता.

"मॅडम, हितं टीव्ही काढलाय. दाबू का?"

"इचारती कावून? दाब की!"

तिनं दाबलं. काही झालं नाही. खालच्या कोपऱ्यात तशाच निळ्या अक्षरांची आणखी एक कळ होती. दोन्ही एकदम दाबल्या आणि सहा पडदे एका झटक्यात जागे झाले. माडीवर असा ओरडा झाला, की मॅडमचे सासरे आप्पा आग लागली समजून पाण्याची बादली घेऊन वर आले.

आनंद मिनिटभर टिकला. चित्र होतं, पण इतकं मंद की अक्षर लागेना. "पाणी वाटलं की धार बारीक हुती," रशीदभाई म्हणाले. "हितं मोटर बसवावी लागंल." तीन दिवस ते केबलची वसुली सोडून माडीवर बसले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी ट्रान्झिस्टरच्या रांगा मांडल्या. प्रत्येक पडद्याला तिन्ही रंग वेगळे वाढवून मिळतील, अशी ती जोडणी होती. चौथ्या दिवशी सहाही पडद्यांवर लख्ख अक्षरं उमटली. सहाव्या पडद्याचा लाल रंगाचा जोड तेवढा शेवटपर्यंत नीट बसला नाही. तिथे पांढरा कागद आकाशी दिसे. "ऱ्हाऊ द्या," मॅडम म्हणाल्या, "त्या पडद्यावरच्या पोरी आभाळावर लिहितील."

आता नवी अडचण उभी राहिली. पडदे सहा, पण चित्र एकच. माउस एक, बाण मात्र सहा ठिकाणी. पहिला दिवस मॅडमनी हे वैगुण्य समजून काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याचाच नियम केला. एक मुलगी लॅपटॉपवर बसे, बाकीच्या अकरा जणी सहा पडद्यांपुढे. बसलेलीनं स्वतःच्या मनानं बोट हलवायचं नाही; अकरा जणी सांगतील तेवढंच करायचं. दहा मिनिटांनी पाळी बदलायची. माझ्या खोलीपर्यंत आवाज येत.

"डावीकडं ने! अगं डावीकडं!"

"हेच की डावं!"

"ते जेवायचं हाय, बये!"

चूक झाली की सहा ठिकाणी दिसे. लपवायला जागा नव्हती. पहिल्या आठवड्यात दोन मुली रडल्या. दुसऱ्या आठवड्यात त्याच दोघी सगळ्यांत मोठ्यानं सांगू लागल्या. मॅडम हात मागे धरून टेबलांमधून फिरत आणि म्हणत, "चुकायचं तर मोठ्यानं चुका. दबकी चूक लई दिवस टिकती."

मी या वर्गाची बातमी केली. एका लॅपटॉपला सहा पडदे जोडले आहेत, असं त्यात सरळ लिहिलं होतं. छापून आली ती 'सहा संगणकांवर मुलींचे धडे' या मथळ्याखाली. डेस्कवरच्या सहकाऱ्याला वाक्य अवघड वाटलं, म्हणून त्यानं ते सोपं केलं होतं. त्याचाही दोष नव्हता. टीव्हीसारखी दिसणारी काच म्हणजेच संगणक आणि खालची पेटी म्हणजे त्याचं काहीतरी सामान, अशीच तेव्हा बहुतेकांची समजूत होती.

सकाळी आठला मॅडम अंक घेऊन माझ्या दारात. "भाऊ, सहा न्हाईत, एक हाय. दुरुस्ती छापा."

बातमीत बदनामी झाली म्हणून खुलासा मागायला लोक येत. आपली स्तुती कमी करा, असं म्हणत कोणी आल्याचं मला आठवत नव्हतं. मी म्हणालो, तपासणी चार दिवसांवर आहे, ती होऊन जाऊ द्या. आप्पांनाही ते पटलं. ते नुकतेच कपिलधारला दर्शन करून आले होते आणि बातमीला देवाची कृपा समजत होते. "शैला, त्यो बारका टेबलाखाली सरकव, वरून चादर सोड," ते म्हणाले. "सायबाला उजेड दिसला की झालं." मॅडम अंकाची घडी घालून वर्गाकडे निघून गेल्या. मी तो होकार समजलो.

तपासणीच्या दिवशी लॅपटॉप नेहमीच्या जागी, कोपऱ्यातल्या टेबलावर होता. चादर नव्हती, पण मुलींच्या गर्दीत तो सहज दिसतही नव्हता. औरंगाबादचे साहेब आले. फायलीत माझ्या बातमीचं कात्रण लावलेलं होतं. त्यांनी पेन्सिलीनं हवेत मोजलं, "एक, दोन, तीन... सहा. छान. वाचलं होतं मी." सहाही पडद्यांवर एकच तक्ता होता. "सगळ्या जणी एकच धडा करतात वाटतं?"

"व्हय सायेब," आप्पा घाईनं म्हणाले, "शिस्त हाय."

साहेबांनी खुर्ची ओढली, पेन उघडलं. मी जिन्यापाशी उभा होतो. एका सहीचं अंतर उरलं होतं.

"सायेब, सही जरा थांबवा," मॅडम म्हणाल्या. "रुक्मिणी, बाण फिरव."

रुक्मिणीनं एकदा मॅडमकडे पाहिलं. त्या सहीत तिचा दाखला होता, हे माडीवर सगळ्यांनाच माहीत होतं. मग तिनं माउस हलवला. सहा पडद्यांवर सहा बाण एकदमच गोल फिरले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे काय आहे?"

"संगणक एक हाय, सायेब. पेट्या जळाल्या. बाकीच्या नुसत्या काचा."

"मग ही बातमी?"

"ती चूक हाय. लिहिणारे त्या जिन्यात उभे हायत."

"तुम्ही बोलला नसता तर मी सही केली असती."

"म्हणून तर बोलले. उद्या ह्यातल्या एकीनं चूक झाकली, तर तिला मी कोणत्या तोंडानं रागावू?"

साहेबांनी पेन बंद केलं. पण ते उठले नाहीत. "शिकवता काय ते तरी बघू," म्हणाले. त्यांनी रुक्मिणीला एक अर्ज तोंडी सांगितला. मग त्यात तक्ता काढायला लावला, ओळी वाढवायला लावल्या, बेरीज मांडायला लावली. अकरा जणी सांगत होत्या, ती करत होती. अर्धा तास गेला. अर्ज पुरा झाला तसे साहेब सहज म्हणाले, "झालं. आता बंद कर."

रुक्मिणीचं बोट कळीकडे निघालं आणि अकरा जणी एका आवाजात ओरडल्या, "सेव्ह! आधी सेव्ह!"

खाली दुकानातली गिऱ्हाइकं वर बघू लागली. साहेब मोठ्यानं हसले. त्यांनी मुद्दामच तसं सांगितलं होतं. नंतर त्यांनी आणखी तिघींना बसवून पाहिलं आणि शेवटी अर्जावर लिहिलं: संगणक एक, पडदे सहा, मान्यता देता येत नाही. त्याखाली आणखी एक ओळ होती: या बारा मुलींना बीडच्या केंद्रावर परीक्षेला बसू द्यावं, अशी शिफारस.

साहेब जिना उतरून गेल्यावर आप्पांनी कपाळावरच्या विभूतीसकट घाम पुसला. "एवढी खरं बोलणारी सून घरात आल्यावर," ते म्हणाले, "किराणा दुकान चालायचं कसं?"

त्याच दिवशी मी चार ओळींची दुरुस्ती पाठवली. डेस्कवरून फोन आला, "तक्रार कुणाची आहे?" मी सांगितलं, "जिची स्तुती झाली तिची."

शिफारस मंजूर झाली. परीक्षेला बाराही जणी रशीदभाईंच्या जीपमधून बीडला गेल्या, मीही गेलो. निकाल लागायला महिना गेला. बाराही उत्तीर्ण झाल्या, रुक्मिणी दूध केंद्रावर रुजू झाली, मॅडमच्या वर्गाला नव्या पेट्या आल्यावर मान्यता मिळाली आणि माझी लातूरला बदली झाली. हे सगळं योग्य त्या पानावर छापून आलं. छापून आलं नाही ते परीक्षा केंद्राच्या दारातलं बोलणं.

मॅडम दोन तास पायऱ्यांवर उभ्या होत्या. बारा मुली बारा संगणकांवर, प्रत्येकीसमोर एक, असं त्या तुकडीत पेट्या शाबूत होत्या तेव्हाही झालं नव्हतं. सगळ्यांत शेवटी रुक्मिणी बाहेर आली.

"कसा गेला गं?"

"आत लई गप्प गप्प हाय, मॅडम. चुकलं तरी कुणी वरडत न्हाई."

"चुकलीस?"

"सेव्ह न करताच बंद कराय निघाले व्हते. बोट कळीवर गेलतं."

मॅडमचा चेहरा उतरला. "मग?"

"मग काय? कुणीच वरडंना. मग मीच वरडले."