एकोणऐंशी पावलं

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण जिन्याखाली चहा पिताना ह्याच नावाने उद्धार चालायचा. बाई तेहतीस वर्षं तिथे प्रुफं तपासत होत्या. ऱ्हस्व वेलांटी कुठे दीर्घ झाली आहे, कुठल्या उकाराने शेपूट भलतीकडे वळवलं आहे, हे त्यांना पान उघडायच्या आधीच कळतं अशी वदंता होती. एका बड्या लेखकाने ‘तुमच्यामुळे मला लिहायचीच धास्ती वाटते’ असं त्यांना सुनावलं होतं, आणि बाईंनी ते कौतुक समजून घरी येऊन सांगितलं होतं.

घर म्हणजे धाकटा भाऊ आणि भावजय. बाईंनी लग्न केलं नाही. विचारणा करणारी दोन पत्रं आली होती. दोन्हीत मिळून अकरा चुका निघाल्या आणि विषय तिथेच मिटला. भावजय डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून टोकन पुकारायची. स्वभावाने मोकळी, हाताला उरक दांडगा, लिहिणं मात्र देवाच्या भरवशावर. सकाळी निघताना ती फ्रिजवर चिठ्ठी लावून जायची : ‘दुध संपलं, साबन आणा.’ संध्याकाळी येऊन पाहावं तर दूध आणि साबण आणलेले असत, आणि चिठ्ठीही दुरुस्त करून पुन्हा तिथेच लावलेली असे. अठरा वर्षं हे चाललं होतं. एकदा कडाक्याचं भांडण झालं असतं तर परवडलं असतं, पण व्याकरणावरून भांडायचं कसं हे भावजयीला कळत नव्हतं.

बाईंना एकच गोष्ट आतून सलत होती. पुस्तकावर लेखकाचं नाव असतं, चित्रकाराचं असतं, छापखान्याचं पत्त्यासकट असतं. प्रुफं तपासणाऱ्याचं नसतं. हजारभर पुस्तकं बाईंच्या नजरेखालून गेली आणि एकावरही त्यांचं नाव नव्हतं. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते खरंच वाईट वाटलं असतं.

निवृत्तीनंतर भावाने त्यांना फोनवरचा एक खेळ दाखवला. खेळ असा की कुणीतरी रानात एक डबी लपवतो, ती कुठे आहे याचा माग एका संकेतस्थळावर टाकतो, आणि बाकीचे रिकामटेकडे लोक रविवारची झोप मोडून ती शोधत फिरतात. सापडली की डबीतल्या वहीत नाव लिहायचं, डबी होती तशी ठेवायची आणि घरी यायचं. बक्षीस काही नाही. काही डब्या सरळ सापडतात. काहींना कोडी असतात, एक सुटलं की पुढच्याचा पत्ता लागतो. बाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “कोडं रचणाऱ्याचं नाव लिहितात का?”

“हो ताई. सगळ्यात वर. ठळक अक्षरात,” भाऊ म्हणाला.

महिन्याभरात गावाबाहेरच्या झुडपांच्या रानात बाईंचं तीन टप्प्यांचं कोडं तयार झालं. संकेतस्थळावर पान उघडलं की वर ‘रचना’ असा शब्द आणि पुढे बाईंचं संपूर्ण नाव. भावाला वाटे ताई फोनवर बातम्या वाचते आहे. ताई नाव वाचत असे.

चार वर्षांत एकेचाळीस जणांनी ते कोडं घेतलं आणि एकालाही डबी सापडली नाही. ‘सापडली नाही’, ‘पुन्हा आलो, नाही’, ‘डबी नाही पण हवा छान होती’, अशा नोंदी येत. बाईंना त्यांचा मनातून आनंद व्हायचा. लोकांचं भाषेकडे दुर्लक्ष झालं आहे, दुसरं काय. महिन्यातून एकदा त्या पहिल्या दोन टप्प्यांवर जाऊन सगळं जागच्या जागी आहे ना ते बघून येत. डबीपर्यंत मात्र कधी गेल्या नाहीत. स्वतःचंच काम दुसऱ्यांदा तपासणं त्यांना अपमानास्पद वाटे.

मग संकेतस्थळाच्या तपासनीसाचं पत्र आलं. चार वर्षांत एकदाही न सापडलेलं कोडं यादीतून काढण्यात येतं. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत वहीत एक तरी नाव पडलं पाहिजे. रचणाऱ्याचं स्वतःचं चालणार नाही.

बाईंनी पत्रातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि मग त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. कोडं गेलं की पान जाणार, पान गेलं की नाव जाणार. एकेचाळीस जणांना निरोप गेले. कुणाचा गुडघा सुजला होता, कुणाचा त्या रानावरून विश्वास उडाला होता. भावाने दुखरी कंबर पुढे केली. उरली भावजय.

“मला जमेल का वन्सं?” ती म्हणाली.

“नाही,” बाई म्हणाल्या. “पण दुसरं कुणी नाही.”

रविवारी सकाळी नऊला दोघी रानाच्या तोंडाशी उभ्या होत्या. नियमाप्रमाणे रचणाऱ्याने अवाक्षर बोलायचं नव्हतं. बाई पाण्याची बाटली घेऊन दहा पावलं मागे राहिल्या आणि ओठ मिटून घेतले.

पहिला टप्पा वनखात्याच्या पाटीचा. ‘या पाटीवर जितक्या चुका, तितक्या क्रमांकाच्या खांबापाशी जा.’ बाईंनी कोडं रचलं तेव्हा पाटीवर सात चुका होत्या. मध्यंतरी खात्याने पाटी बदलून नवी लावली. बाई लगबगीने मोजायला गेल्या, तर नव्या पाटीवरही सातच चुका निघाल्या, फक्त वेगळ्या. खात्याच्या सातत्याबद्दल बाईंना तेव्हापासून आदर होता.

भावजयीने पाटी वाचली. “मला तर सगळं बरोबर दिसतंय,” ती म्हणाली. मग ती तिथेच उभी राहून एकेका शब्दावर बोट ठेवू लागली, आणि प्रत्येक शब्दाला मान वळवून बाईंच्या चेहऱ्याकडे बघू लागली. बाईंनी चेहरा दगडासारखा ठेवला होता. पण तेहतीस वर्षांची सवय. ‘कचरा टाकु नये’वर डावी भुवई उडाली ती उडालीच. भावजयीने सात भुवया मोजल्या आणि सातव्या खांबाकडे चालू लागली. बाईंना पुढची दहा मिनिटं स्वतःच्या भुवईचा संताप आला.

खांबाला बांधलेल्या नळीत चिठ्ठी होती. ‘कु_हल या शब्दात मधे तु ऱ्हस्व की तू दीर्घ? ऱ्हस्व असेल तर डावी वाट, दीर्घ असेल तर उजवी.’ ह्या वेळी बाई भुवयांवर हात धरून उभ्या राहिल्या.

“मला वाटतं ऱ्हस्व,” भावजय म्हणाली आणि ताडताड उजवीकडे निघाली. बाईंच्या चेहऱ्यावर प्रश्न उमटला असावा, कारण तिने जाताजाताच खुलासा केला. “अठरा वर्षांचा अनुभव आहे वन्सं. मला जे वाटतं त्याच्या उलट करायचं.”

डावी वाट काटेरी ओढ्यात उतरत होती. उजवी चांगली मळलेली होती. त्या वाटेने दोघी काळ्या कातळापाशी पोचल्या. कातळाच्या फटीत शेवटची चिठ्ठी. छापखान्याचा दंडक असा की आकडे अक्षरांत लिहायचे, म्हणून बाईंनी तसं लिहिलं होतं : ‘इथून पाण्याच्या टाकीच्या रोखाने एकोणऐंशी पावलं.’

भावजयीने पेन काढलं आणि तळहातावर मोठ्या अक्षरात लिहिलं : ८९.

एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी, सत्तरावर नऊ, हे पहिलीतलं पोर सांगेल. ही बया ऐंशीवर नऊ लिहून बसली आहे. इथवर आली, भुवया मोजत का होईना आली, आणि शेवटच्या पायरीवर दहा पावलांनी चुकणार. एक शब्द बोललं तर कोडं वाचत होतं. बाईंनी बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. भावजयीच्या हातून उभ्या आयुष्यात सुटलेली एकही चूक त्यांनी सोडली नव्हती, आणि हीच नेमकी सोडावी लागत होती. त्यांना रडू येत होतं.

भावजय चालू लागली. दहा पावलं झाली की एक बोट मिटायची. आठ बोटं मिटून वर नऊ, असा तिचा हिशेब. बाई मागून आपली मोजत होत्या. सात बोटं मिटून वर नऊ झाली, तिथे एक खड्डा लागला.

साधासुधा खड्डा नव्हता. माणूसभर खोल, चौकोनी, कडेला मातीचे ढीग. एकेचाळीस जणांनी चार वर्षं आळीपाळीने तो खणला होता. वनखात्याने भोवती कठडा घालून पाटी लावली होती : ‘अद्नात प्राण्याचे बीळ. जवळ जाउ नये.’ आत उतरायला कुणीतरी तीन पायऱ्याही केल्या होत्या.

भावजय कठड्याला वळसा घालून पुढे गेली. बाई मात्र तिथेच थांबल्या. इथे कशाला खणलं ह्यांनी, असं त्यांना वाटलं. डबी तर त्या समोरच्या वठलेल्या बुंध्याखाली ठेवली होती. आणि मग त्यांनी बुंध्याकडे बघितलं, खड्ड्याकडे बघितलं, आणि मधलं अंतर नजरेने मोजलं. दहा पावलं होती.

डबी लपवताना बाई एकोणनव्वद पावलं चालल्या होत्या. स्वतःच्या टिपणवहीत त्यांनी ८९ असा आकडा टिपला होता. घरी येऊन तो अक्षरांत लिहिला. एक्याऐंशी, ब्याऐंशी, थेट अठ्ठ्याऐंशीपर्यंत सगळे ऐंशीच. त्या ओघात हात एकोणऐंशी लिहून गेला. लेखकांच्या हस्तलिखितात बाईंनी ही चूक शेकडो वेळा धरली होती आणि समासात ‘काय हे!’ असं लिहिलं होतं.

“वन्सं! सापडली!” भावजय बुंध्यापाशी गुडघ्यांवर बसली होती. डबीतली वही कोरी करकरीत होती. पहिल्या पानावर तिने आपलं नाव, तारीख आणि वेळ घातली, आणि वही छातीशी धरून म्हणाली, “अठरा वर्षांत तुमचं एक काम माझ्या हातून बिनचूक झालं बघा.” तिचे डोळे भरून आले होते. बाईंनी तिला पाणी दिलं.

दुपारी साडेतीनला नोंद संकेतस्थळावर चढली. कोडं वाचलं. तपासनीसाचं अभिनंदन आलं, भावाने चहा केला, भावजयीने दवाखान्यातल्या सगळ्यांना फोन केले. बाई फोन हातात घेऊन आपलं नाव वाचत बसल्या, आणि पहिल्यांदाच त्यांना ते वाचवेना.

मग पावणेपाचला आणखी एक नोंद आली. एक गणिताचे मास्तर होते, त्यांनी चार वर्षांत सहा वेळा खणलं होतं, पायऱ्याही त्यांच्याच. त्यांनी लिहिलं होतं : ‘म्हणजे डबी होती. मग चूक माझीच. बायको म्हणतच होती की मला आता मोजता येत नाही. वर्गात पाढे घेताना हल्ली मी पुस्तकात बघून घेतो.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. बरोबर लिहिणाऱ्याला चूक ठरवणं हे छापखान्यातलं सगळ्यात मोठं पाप. त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं, आणि आता चार वर्षं करत होत्या, एकेचाळीस माणसांवर. संकेतस्थळाचा नियम त्यांना पाठ होता : माग चुकीचा निघाला तर कोडं तत्काळ रद्द. न बोलता राहिलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. भावजयीलासुद्धा नाही.

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. भावजय कप विसळत होती.

“एकोणऐंशी म्हणजे किती गं?”

“एटी नाइन,” ती म्हणाली.

“सेव्हंटी नाइन,” बाई म्हणाल्या.

भावजयीने नळ बंद केला. तळहातावरचा आकडा अजून अर्धामुर्धा होता, त्याच्याकडे ती बघत राहिली. “म्हणजे मी चुकले.”

“हो.”

“मग डबी तिथे कशी?”

“मीपण चुकले,” बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते जरा मोठ्याने बोललं गेलं आणि बाहेर भावाने चहाचा कप खाली ठेवला. “मीच आधी चुकले. तू माझीच चूक केलीस म्हणून पोचलीस.”

सव्वापाचला बाईंनी पानावर लिहिलं : ‘तिसऱ्या टप्प्यात एकोणऐंशीऐवजी एकोणनव्वद असे वाचावे. चूक माझी आहे. मास्तरांचे मोजणे बरोबर होते. सर्वांचे बरोबर होते.’ खाली संपूर्ण नाव घातलं. तीनदा तपासलं आणि पाठवलं.

पाच चाळीसला पान गेलं. पांढऱ्या पडद्यावर ‘हे कोडे उपलब्ध नाही’ एवढीच ओळ राहिली. बाईंनी फोन उपडा ठेवला आणि पदराने तोंड झाकून मनसोक्त रडल्या. लाज वाटत होती, नाव गेल्याचं दुःख तर त्याहून मोठं होतं, आणि दोन्ही लपवायचा त्यांना कंटाळा आला होता.

भावजय येऊन शेजारी बसली. मग म्हणाली, “वन्सं, दवाखान्यात मी एकोणऐंशी पुकारलं ना, की रोज दोन माणसं उठतात.”

“मग?” बाईंनी पदराआडून विचारलं.

“मग काय, दोघांनाही आत सोडते.”