मूठ काकांकडे

काका काल सकाळी गेले, आणि दुपारी कळलं की मी त्यांना ओळखतच नव्हते.

फोनवरून लिहितेय. टायपिंगच्या चुका माफ करा.

काका म्हणजे माझ्या अप्पांचे धाकटे भाऊ. नौदलात कमांडर होते. तंजावूरच्या आमच्या घरी टीव्हीच्या वर त्यांची तलवार टांगलेली असायची. काळं म्यान, सोनेरी गोंडा.

चाळिशीतच नोकरी सोडून परत आले. का? तर म्हणे "पुरे झालं."

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. शिपिंग कंपन्यांची पत्रं यायची, पगार डॉलरमध्ये. काका ती उत्तर न देताच फाडायचे आणि गल्लीतल्या पोरांना गणित शिकवायचे.

अप्पा म्हणायचे, "वेडा अहे हा. आळशी."

आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा.

त्याच सुमारास एका आयुधपूजेला सगळ्यांची हत्यारं देवापुढे मांडली होती. अप्पांचा टाइपरायटर, काकूची विळी, नव्या कलर टीव्हीचा रिमोट. तलवार मी मांडली. अकरा वर्षांची होते. चंदन-कुंकू लावलं आणि टोक नेमकं समोर बसलेल्या काकांकडे आलं.

काका पांढरेफटक पडले.

"फिरव ती! अत्ताच्या अत्ता फिरव!"

आयुष्यात एकदाच माझ्यावर ओरडले. मी रडत पूजेतून उठले. काकूनं मला पोरी-गूळ, म्हणजे प्रसादाचे चुरमुरे-गूळ, भरवून गप्प केलं. पुढे दरवर्षी तलवार ते स्वतःच मांडायचे, मूठ आपल्याकडे करून.

आम्हाला वाटायचं, लष्करी शिस्त.

काल त्यांना न्यायच्या आधी आम्ही ती तलवार त्यांच्या छातीवर ठेवली. टोक हनुवटीकडे. तेवढ्यात चेन्नईहून त्यांचे बॅचमेट पोचले. काठी टेकत आत आले आणि दारातच थांबले.

"हे कुणी ठेवलं असं?"

मग उभ्याउभ्याच सांगितलं. काकांचं जहाज वादळात खडकाला लागलं होतं. त्यांनीच डेकवर पाठवलेला एक नाविक बुडाला. काकांवर कोर्ट मार्शल झालं. तिथे आरोपीची तलवार टेबलावर ठेवतात. निकालाला त्याला आत बोलावलं की टोक त्याच्याकडे असेल तर दोषी, मूठ असेल तर निर्दोष.

"मूठ त्याच्याकडे होती. पूर्ण निर्दोष! आम्ही बाहेर पेढे घेऊन उभे. आणि यानं आठवड्यात राजीनामा दिला. म्हणाला, परत कुणाला डेकवर जा म्हणायला माझी जीभ रेटणार नाही."

तीस वर्षं आम्ही या माणसाला आळशी म्हणत होतो.

मी काकूकडे पाहिलं. तिला नवल वाटलेलं दिसेना.

"काकू, तुज ठाऊक होतं?"

"होतं की."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"कोण विचारलं?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. मला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

अप्पा आता ऐंशीचे आहेत. ते पुढे झाले, पण त्यांच्यानं तलवार उचलवेना. मग मी उचलली.

काका, अकरा वर्षांची असताना चुकले होते. काल नीट ठेवलीय. आमच्या सगळ्यांचा शेवटचा नमस्कार घ्या.

मूठ तुमच्याकडे आहे.