खाजाभाई बोटीत चढले का?

आमच्या शेजारच्या सुलतानखालांनी उदगिरात जन्मभर बांगड्या भरल्या. माझ्या लग्नाचा चुडाबी त्यांनीच भरला. हात दाबताना बाईला असं बोलण्यात गुंतवायच्या की दुखलेलं कळायचंच न्हाई.

त्यांच्या आईनं मात्र मरेपर्यंत हातातला चुडा उतरवला न्हाई. नवरा खाजाभाई इंग्रजांच्या पलटणीत बावर्ची. दुसऱ्या महायुद्धात पलटण आफ्रिकेत सोमालीलँडला गेली, तवा खाला पोटात होत्या. इटलीवाले चालून आले, इंग्रजांनी मुलूख सोडला, अन् खाजाभाई काही परत आले न्हाईत. ना तार, ना चिठ्ठी. गाव म्हणालं, लढाईत गेला. आई म्हणाली, कुणी डोळ्यानं बघितलं का? शबे-बरातला घरच्या मेलेल्यांची नावं घेऊन फातेहा देतात. त्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई, असा तिनं दमच भरला होता.

खालांनी आईचा तो शब्द पाळला. पण आता गुडघे गेले, नजर गेली अन् जिवाला एकच घोर लागला. मला म्हणायच्या, "उज्वला, लढाईत गेलेला माणूस, अन् त्याला एक फातेहा न्हाई. मी गेल्यावर त्यांचं नाव कोण घेणार हाय?" आईचा शब्द मोडायचा तर खात्री पायजे. म्हणून औंदा शबे-बरातच्या हलव्याचा रवा माझ्यासमोर भाजता भाजता नातीला म्हणाल्या, "जेबा, मोबाईलमधी बघ बरं ती लढाई."

जेबानं बघितलं अन् हरखून सांगितलं, "दादी, बर्बेरा म्हणून बंदर हाय. तिथून सगळ्यांना बोटीत घालून समुद्रापलीकडं एडनला नेलं. जवळजवळ सगळे वाचले."

खाला आधी तोंडभर हसल्या. मग उलथनं थांबलं.

"वाचले? मग घरी का न्हाई आले?"

तो मोबाईल चुलीत घालावा असा मला राग आला. पोरगी कावरीबावरी झाली. "दादी, जवळजवळ म्हणलं मी. सगळे न्हाई."

"म्हंजे मेले?"

"तसंबी लिहिलेलं न्हाई."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मेले म्हणावं तर लेक पोरकी, वाचले म्हणावं तर बायको टाकलेली. बाप वाचला म्हणून रडणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं, अन् काय बाई, मलाबी रडू आलं. रवा करपला, तो परत भाजला.

सांजच्याला मौलवीसाब आले. खालांनी सासऱ्यांचं, नवऱ्याचं, आईचं नाव सांगितलं अन् हलव्याची ताटली पुढं सरकवली. औंदा बापाचंबी नाव घ्यायचं, असं त्यांनीच आधी सांगून ठेवलं होतं. म्हणून मौलवीसाबांनी हळूच विचारलं, "अन् तुमच्या वालिदसाहेबांचं?"

खालांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ऱ्हाऊ द्या. तिकडं भेटल्यावर आधी इचारते त्यांना, बोटीतून उतरून कुठं गेला होता म्हणून."